वाकड्या सफरचंदांची गोडी : शेरवूड अँडरसनच्या एकाकी माणसांच्या कथा

माणसाने एकटे असणे बरे नव्हे, हा विचार बायबलच्या दुसऱ्याच अध्यायात येतो. तो पतनाच्या कथेआधी येतो, ही गोष्ट मात्र आपल्या ध्यानात सहसा राहत नाही. एदेन बागेत अद्याप सर्पाचा प्रवेश झालेला नाही, आज्ञाभंग झालेला नाही, कोणी कोणावर दोषारोप केलेला नाही. तरीही त्या निर्दोष सृष्टीत निर्मात्याला एक उणीव दिसते, ती माणसाच्या एकटेपणाची. माणसाची घडणच अशी आहे की त्याला दुसऱ्याची गरज असावी. म्हणूनच प्रेमासाठी आसुसलेल्या एकाकी माणसांच्या कथा लिहिणारा लेखक, त्याची श्रद्धा कोणतीही असो, आपल्या धर्मग्रंथाच्या पहिल्या पानांवरील प्रश्नाशीच झुंजत असतो.

अमेरिकन कथाकार शेरवूड अँडरसन (१८७६-१९४१) हा असा एक लेखक. त्याचा ‘वाईन्सबर्ग, ओहायो’ हा कथासंग्रह १९१९ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाला. हेमिंग्वे आणि फॉकनर या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या दोन्ही लेखकांना उमेदवारीच्या काळात अँडरसनचा आधार मिळाला होता. त्यांची कीर्ती वाढली आणि अँडरसनचे नाव मागे पडले. परंतु त्याचा हा एक संग्रह शंभराहून अधिक वर्षे वाचला जात आहे, आणि तो कुटुंबात वाचला जावा, विशेषतः धर्मग्रामांत काम करणाऱ्यांनी वाचावा, असे मला वाटते. त्याची कारणे मांडणे हा या लेखाचा हेतू.

अँडरसनचे बालपण ओहायो राज्यातील क्लाइड या लहानशा गावात गेले. वडील घोड्यांचे साज बनवणारे; धंदा बसला आणि घरात दारिद्र्य आले. पुढे अँडरसन स्वतः व्यापारात शिरला. एलिरिया या गावी त्याचा रंगविक्रीचा व्यवसाय होता, पत्नी होती, मुले होती. १९१२ सालच्या नोव्हेंबरात एके दिवशी तो कचेरीतून उठला आणि चालू लागला. चार दिवसांनी तो क्लीव्हलँड शहरात भ्रमिष्ट अवस्थेत सापडला. त्यानंतर व्यवसाय सोडून तो शिकागोला गेला, जाहिरातींचा मजकूर लिहून पोट भरू लागला आणि एका भाड्याच्या खोलीत त्याने १९१५-१६ च्या सुमारास यांतील बहुतेक कथा लिहिल्या. वाईन्सबर्ग नावाचे एक खेडे ओहायोत खरोखरच आहे. कथांतील गावाचा नमुना मात्र क्लाइड हाच.

संग्रहातील वीस-बावीस कथा एकाच गावात घडतात. माणसे एका कथेतून दुसऱ्या कथेत डोकावून जातात. जॉर्ज विलर्ड हा स्थानिक वृत्तपत्राचा तरुण वार्ताहर सर्व कथांना जोडणारा धागा आहे. गावातील एकेक तऱ्हेवाईक माणूस केव्हातरी रात्री त्याच्याजवळ येतो, काहीतरी सांगू पाहतो, आणि बहुधा न सांगताच निघून जातो. कथानक म्हणावे तर एवढेच.

अशा कथांविषयी आपल्या वाचकांच्या मनात एक साधी शंका असते. असली चमत्कारिक माणसे गोळा करून लेखक काय साधतो? भल्याभल्यांची चरित्रे असताना या वेड्याविद्र्यांच्या गोष्टी कशासाठी? शंका प्रामाणिक आहे. तिचे उत्तर अँडरसनने संग्रहाच्या आरंभीच आपल्या परीने देऊन ठेवले आहे.

आरंभीच्या कथेत एक म्हातारा लेखक आहे. अंथरुणात पडल्या पडल्या त्याला आयुष्यात भेटलेल्या माणसांची एक मिरवणूक डोळ्यांसमोरून जाताना दिसते. ती सारी माणसे विरूप झालेली आहेत. अँडरसनने त्यांच्यासाठी ‘ग्रोटेस्क’ हा शब्द योजला आहे. रोममध्ये सम्राट नीरोच्या पुरल्या गेलेल्या प्रासादात पंधराव्या शतकाच्या अखेरीस जी भित्तिचित्रे सापडली, त्यांत माणूस, पशू आणि वेली एकमेकांत मिसळून गेलेल्या होत्या. भुयारात सापडलेली चित्रे म्हणून इटालियन भाषेतील गुहावाचक शब्दावरून त्यांना हे नाव पडले. म्हाताऱ्या लेखकाला दिसलेली विरूप माणसे सगळीच भयानक नाहीत. काही गमतीदार आहेत, तर काही जवळजवळ सुंदर. ती विरूप का झाली, याविषयी म्हाताऱ्याचा एक सिद्धान्त आहे. जगात अनेक सत्ये होती आणि ती सारी सुंदर होती. माणसे आली आणि प्रत्येकाने एकेक सत्य उचलले. ते आपल्या एकट्याचे मानून त्यावर जगू लागताच माणूस विरूप झाला आणि सत्यही असत्य होऊन बसले.

ईशज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा सिद्धान्त परका वाटू नये. पाखंडासाठी ख्रिस्ती परंपरेने जो ग्रीक शब्द वापरला, त्याचा मूळ अर्थ ‘निवड’ असा आहे. पाखंडी माणसाजवळ सत्य नसते असे नाही. त्याने एकच सत्य निवडून बाकीची टाकून दिलेली असतात. काटकसर हे सत्य आहे, पण तेवढेच धरून बसणारा कंजूष होतो. शुचिता हे सत्य आहे, पण करुणेपासून तोडलेली शुचिता माणसाला कठोर करते. इथवर अँडरसनशी आपले जमते. पुढे मात्र फरक आहे. त्याच्या मते सत्य आपलेसे करणे यातच धोका आहे. श्रद्धावंताच्या दृष्टीने सत्य ही उचलून खिशात घालण्याची वस्तू नसून ती एक व्यक्ती आहे, आणि आपण तिला धरण्यापेक्षा तिने आपल्याला धरणे महत्त्वाचे.

परंतु माझा खरा मुद्दा वेगळा आहे. प्रत्यक्ष कथा वाचू लागलो की हा सिद्धान्त त्यांना पुरा पडत नाही, असे दिसते. वाईन्सबर्गची माणसे सत्य मुठीत धरल्यामुळे वाकडी झालेली नाहीत. त्यांच्याजवळ देण्यासारखे काहीतरी होते, ते घ्यायला कोणी हात पुढे केला नाही, म्हणून ती वाकडी झाली. प्रस्तावनेतील सिद्धान्तापेक्षा कथा अधिक शहाण्या आहेत. तीन कथांच्या आधारे हे पाहता येईल.

पहिली कथा ‘हात’. विंग बिडलबॉम हा गावाबाहेर घळीच्या कडेला राहणारा, चाळिशीतच म्हातारा दिसणारा भेदरट माणूस. स्ट्रॉबेरी खुडण्यात त्याच्या हातांचा वेग गावात कौतुकाचा विषय आहे. त्याला स्वतःला मात्र त्या हातांची भीती वाटते. तो ते खिशात नाहीतर पाठीमागे लपवतो. पूर्वी तो दुसऱ्या नावाने पेनसिल्व्हेनियातील एका गावात शिक्षक होता. मुलांवर जीव लावणारा. बोलताना त्यांच्या खांद्यावर, केसांवर त्याचा हात फिरे. एका मंदबुद्धी मुलाने स्वप्नात पाहिलेल्या गोष्टी खऱ्या म्हणून सांगितल्या, गावात कुजबुज सुरू झाली, आणि एका रात्री जमाव दोर घेऊन त्याच्या दाराशी आला. तो जिवानिशी सुटला. तेव्हापासून वीस वर्षे तो या परक्या गावात आपल्याच हातांपासून लपून राहत आहे.

आज ही कथा निश्चिंत मनाने वाचता येत नाही, आणि तशी ती वाचूही नये. मधल्या काळात ख्रिस्तसभेला आपल्याच संस्थांमध्ये बालकांवर झालेल्या अत्याचारांना सामोरे जावे लागले. मुलांचा शब्द ऐकला गेला नाही, तक्रारी दडपल्या गेल्या. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी वरिष्ठांना कळवणे धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक केले. तेव्हा ‘हात’ वाचून सगळेच आरोपी बिचारे असतात, असा निष्कर्ष कोणी काढू नये. कथा तसे सांगतही नाही. तिथे मुलांना प्रश्न विचारले गेले ते घाबरवून, शिक्षकाला तर कोणी काही विचारलेच नाही. मौन हा एक अन्याय आहे आणि जमाव हा दुसरा. दोन्हींत एक गोष्ट समान आहे: शांतपणे ऐकून घेऊन सत्य शोधण्याचे कष्ट कोणी घेतलेले नसतात.

या कथेचा शेवट कॅथलिक वाचकाला विशेष जाणवेल. जॉर्ज निघून गेल्यावर विंग एकटाच जेवतो. मग गुडघ्यांवर बसून दिव्याच्या उजेडात जमिनीवर सांडलेले पावाचे कण वेगाने वेचून तोंडात टाकू लागतो. त्या क्षणी तो एखाद्या धर्मविधीत गुंतलेल्या धर्मगुरूसारखा दिसतो, आणि त्याची भरभर हलणारी बोटे जपमाळेचे मणी ओढणाऱ्या भाविकाची वाटतात. अँडरसन कॅथलिक नव्हता. तरीही एका बहिष्कृत माणसाच्या हातांना प्रतिष्ठा देण्याची वेळ आली तेव्हा त्याला वेदी आणि जपमाळ आठवली. ज्या हातांना गावाने अपवित्र ठरवले, त्यांना लेखकाने पाव वेचणारे हात केले. यापरते कथेत काही सांगितलेले नाही आणि सांगण्याची गरजही नाही.

दुसरी कथा ‘साहस’. अ‍ॅलिस हिंडमन कापडाच्या दुकानात काम करणारी सत्तावीस वर्षांची स्त्री. सोळाव्या वर्षी तिचे नेड करीवर प्रेम जडले. तो नशीब काढायला शहरात गेला. जाण्यापूर्वी दोघे एकमेकांना मनाने आणि देहाने बांधली गेली होती, निदान तिच्या लेखी. आरंभी पत्रे आली, मग थांबली. ती वाट पाहत राहिली. त्याच्याकडे जाता यावे म्हणून पैसे साठवत राहिली; पुढे पुढे साठवणे तेवढे उरले. खोलीतल्या निर्जीव वस्तूंवर तिचा जीव जडला. आपल्या खुर्च्या-टेबलांना दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला सोसेना. पुढे तिने मेथडिस्ट चर्चच्या सभांना जायला सुरुवात केली. परमेश्वराची ओढ होती म्हणून नव्हे, एकटेपणाची भीती वाटू लागली म्हणून.

आणि एका पावसाळी रात्री ती विवस्त्र अवस्थेत रस्त्यावर धावत सुटते. पावसाने आपल्यात पुन्हा तारुण्य यावे, आपल्यासारख्याच एखाद्या एकाकी जीवाला मिठी मारावी, एवढेच तिला वाटते. समोरून एक माणूस अडखळत चाललेला दिसतो. तो कोण याचा विचारही न करता ती त्याला हाक मारते. तो म्हातारा असतो आणि त्याला कमी ऐकू येते. तो तोंडाशी हात नेऊन काय म्हणालात असे विचारतो. अ‍ॅलिस जमिनीवर कोसळते, तो गेल्यावर रांगत घरी येते, आणि भिंतीकडे तोंड करून मनाला समजावू लागते की पुष्कळ माणसांना एकट्यानेच जगावे आणि मरावे लागते.

ही कथा कुटुंबात वाचण्याजोगी नाही, असे काहींना वाटेल. मला त्यात अश्लील काही दिसत नाही. एखाद्याला विवस्त्र दाखवणे आणि एखाद्याची लाज राखणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे अँडरसनने इथे दाखवले आहे. तो अ‍ॅलिसला हसत नाही आणि आपल्यालाही हसू देत नाही. त्याने योजलेला तो बहिरा म्हातारा हीच कथेची गुरुकिल्ली होय. अकरा वर्षांत या स्त्रीने प्रथमच मोठ्याने हाक मारली आणि ती पोहोचली ती कमी ऐकू येणाऱ्या कानांवर. म्हातारा दुष्ट नव्हता. चर्चच्या सभेतली माणसेही दुष्ट नव्हती. तिथे तिला बसायला जागा मिळाली, सोबतीने घरी पोहोचवणारा एक अधेड माणूसही मिळाला. पण तुझ्या मनात काय आहे, हे कोणी विचारल्याचे कथेत कोठेही येत नाही. तिच्या गावातील श्रद्धावंतांवर अँडरसनने एकही टीकेचा शब्द लिहिलेला नाही. त्यामुळेच तो प्रसंग अधिक बोचतो.

तिसरे उदाहरण एका कथेचे नसून जोडकथेचे आहे: ‘ईश्वराचे सामर्थ्य’ आणि ‘शिक्षिका’. कर्टिस हार्टमन हा प्रेस्बिटेरियन मंडळीचा पाळक. चाळिशीचा, सज्जन, अबोल. प्रवचन देण्याची त्याला धास्ती वाटते. चर्चच्या घंटाघरात त्याची अभ्यासिका आहे, आणि तिच्या खिडकीच्या रंगीत काचेवर बालकाच्या मस्तकावर हात ठेवणाऱ्या ख्रिस्ताचे चित्र आहे. एके दिवशी उघड्या खिडकीतून त्याला शेजारच्या घरात अंथरुणावर पडून वाचणारी शिक्षिका केट स्विफ्ट दिसते. मोह जडतो. खिडकी लावून घेतल्यावरही पाहता यावे म्हणून तो काचेचा एक कोपरा फोडतो. फुटलेला तो तुकडा नेमका चित्रातील बालकाच्या टाचेचा असतो. पुढे आठवडेच्या आठवडे हा माणूस प्रार्थना करतो, पश्चात्ताप करतो, आणि पुन्हा त्या भोकापाशी जाऊन बसतो.

जानेवारीतील एका हिमवर्षावाच्या रात्री तो असाच थंडीत कुडकुडत बसलेला असताना केट खोलीत येते, अंथरुणावर अंग टाकून हमसून हमसून रडते आणि मग प्रार्थना करू लागते. ज्या स्त्रीला तो केवळ मोहाचे निमित्त समजत होता, तिची आकृती दिव्याच्या प्रकाशात त्याला काचेवरच्या बालकासारखी, ख्रिस्तासमोर उभी असलेली दिसते. तो मुठीने ती काच फोडून टाकतो आणि रक्ताळलेला हात घेऊन जॉर्जच्या कचेरीत येऊन आपल्याला ईश्वराचे दर्शन घडल्याचे सांगतो. केट का रडत होती, ते आपल्याला दुसऱ्या कथेत कळते. त्याच रात्री ती जॉर्जला भेटली होती. या विद्यार्थ्यात लेखक होण्याचे तेज आहे, त्याला काहीतरी मोलाचे द्यावे, ही तिची तळमळ. पण बोलता बोलता तिच्याच एकटेपणाने तिला घेरले, जॉर्जने तिचा वेगळा अर्थ घेतला, आणि तिने त्याच्या तोंडावर मुठी मारून पळ काढला.

एकाच रात्री, एकाच गावात, भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन इमारतींत दोन माणसे परमेश्वराला हाक मारत आहेत. पाळकाला शिक्षिकेचे दुःख ठाऊक नाही. तिला तर त्याचे अस्तित्वही जाणवत नाही. पाळकाला जे दर्शन घडले ते खरे की मोहाचेच दुसरे रूप, याचा निकाल अँडरसन देत नाही. मला ते खरे वाटते, आणि त्याचे कारण साधे आहे. ती स्त्री जोवर पाहण्याची वस्तू होती तोवर तो बांधलेला होता. ती रडणारी आणि प्रार्थना करणारी व्यक्ती आहे हे दिसताच तो सुटला. मोहावरचा उपाय त्याला नजर खाली घालून सापडला नाही, अधिक खोलवर पाहण्याने सापडला.

धर्मगुरूने ही कथा वाचताना एका गोष्टीपाशी थांबावे. हार्टमन आपले दुःख पत्नीला सांगत नाही, सहकारी पाळकाला सांगत नाही, मंडळीला तर सांगूच शकत नाही. शेवटी तो सांगतो ते एका अठरा वर्षांच्या पोरसवदा वार्ताहराला, आणि तेही सगळे संपल्यावर. ज्याच्याकडे सारे गाव सल्ल्यासाठी येते, त्याला स्वतःचे ऐकवायला कोणी नाही. आपल्या धर्मगुरूंच्या घरांतही रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असतो. तिथे प्रवचनाचीच तयारी चाललेली असते असे नाही. धर्मग्रामातील कुटुंबांनी हे ध्यानात घेतले तर त्यांचा धर्मगुरू त्यामुळे लहान होणार नाही.

आता जॉर्ज विलर्डकडे वळू. गावातील साऱ्या विक्षिप्तांना त्याच्याकडेच का यावेसे वाटते? तो लिहिणारा आहे. आपल्याला जे उच्चारता येत नाही ते हा शब्दांत मांडील, अशी त्यांना आशा आहे. प्रायश्चित्त संस्काराची सवय असलेल्या वाचकाला या रात्रीच्या भेटींचे रूप ओळखीचे वाटेल. माणूस अंधारातून येतो, अडखळत बोलतो, ओझे उतरवू पाहतो. पण साम्य इथेच संपते. जॉर्जजवळ क्षमेचा शब्द नाही, आणि ऐकण्याची परिपक्वताही अजून आलेली नाही. केटने त्याला काय सांगू पाहिले, ते आपल्याकडून निसटले, एवढेच त्याला अखेर कळते. ‘विक्षिप्त’ या कथेतील एल्मर काउली तर त्याला शब्दांऐवजी ठोसे लगावतो आणि मध्यरात्रीच्या गाडीने गाव सोडतो. आपण विक्षिप्त नाही हे जगाला पटवण्याची त्याची हीच रीत.

सर्वांत हृदयद्रावक आहे ती जॉर्जच्या आईची, एलिझाबेथची हकीकत. तिने खोलीच्या भिंतीत आठशे डॉलर लपवून ठेवलेले आहेत; वडिलांनी मरताना दिलेली ती रक्कम तिच्या सुटकेची किल्ली होती. आपल्याला न साधलेली सुटका मुलाला साधावी, असे तिला वाटते. पण पक्षाघाताने तिची वाचा जाते आणि पैसे भिंतीतच राहतात. मुलगा गाव सोडतो तेव्हा त्याला त्याचा पत्ताही नसतो. प्रेम होते, देण्याची इच्छा होती, देण्याजोगे धनही होते. फक्त वेळीच बोलणे झाले नाही. आपल्या किती घरांच्या भिंतींत असे न दिलेले आठशे डॉलर असतील, याचा विचार वाचकाने आपल्यापुरता करावा.

संग्रह निर्दोष आहे असे मुळीच नाही. सारखे सारखे रात्री धावत सुटणारी, मुठी आवळणारी, वाक्य अर्धवट सोडणारी माणसे पाहून एखाद्या वाचकाला कंटाळा येईल. ‘ईश्वरनिष्ठा’ ही चार भागांची दीर्घकथा उभारणीत सैल आहे, आणि बायबलमधील अब्राहामाची छाया तिच्यावर ओढूनताणून पाडल्यासारखी वाटते. अँडरसनची निवेदनशैली मौखिक आहे. पारावर बसून गोष्ट सांगणाऱ्यासारखा तो मध्येच थांबतो, मागे जातो, हे सांगायचे राहिले म्हणतो. कधी त्यात गोडवा येतो, कधी ती लकब होऊन बसते. माझा मोठा आक्षेप मात्र आशयाविषयी आहे. एकाकीपण हेच माणसाचे अंतिम सत्य, असे मानण्याकडे त्याचा कल झुकतो. अ‍ॅलिसने भिंतीकडे तोंड करून मनाला जे समजावले, ते लेखकाचेही मत आहे की काय, अशी शंका येते. डॉक्टर पार्सिव्हल या पात्राच्या तोंडी त्याने असा विचार घातला आहे की जगातील प्रत्येक माणूस ख्रिस्त आहे आणि प्रत्येकालाच क्रुसावर खिळले जाते. विचार मोठा आहे. पण क्रुसाच्या पायथ्याशी कोणीतरी उभे होते, आणि मरता मरताही प्रभूने आपली आई आणि आपला शिष्य यांना एकमेकांच्या हाती सोपवले, हा भाग वाईन्सबर्गच्या शुभवर्तमानात नाही.

तरीही अँडरसनवर अन्याय होऊ नये. शेवटाकडच्या ‘प्रगल्भता’ या कथेत त्याने एक दार किलकिले ठेवले आहे. गावची जत्रा संपली आहे. जॉर्ज आणि हेलन व्हाइट ही दोन तरुण माणसे रिकाम्या मैदानावरील अंधाऱ्या सज्जात शेजारी शेजारी बसतात. दिवसभर इथे माणसांची गर्दी होती, आता कोणी नाही. दोघे फारसे काही बोलत नाहीत. आपण दोघेही या अफाट जगात क्षुल्लक आहोत, पण एकमेकांजवळ आहोत, एवढी जाणीव त्यांना पुरते. प्रेमकथेत अपेक्षित असलेले काहीही घडत नाही. घडतो तो परस्परांविषयीचा आदर. संबंध संग्रहात शब्दांच्या धडपडीतून जे साधले नाही, ते इथे थोड्या शांततेत साधते. गर्दी ओसरल्यावर शेजारी बसून राहणे, हीदेखील ऐकण्याचीच एक रीत आहे.

एकाकी माणसे मराठी वाचकाला नवीन नाहीत. जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांतून आपण ती भेटलेलो आहोत, आणि तेथे नियतीचा काळोख याहून गडद आहे. अँडरसनचे वेगळेपण असे की त्याची माणसे नियतीमुळे एकटी नाहीत, शेजाऱ्यांमुळे आहेत. शहरात माणूस हरवतो, खेड्यात मात्र सगळे एकमेकांचे असतात, ही आपली आवडती समजूत. वाईन्सबर्गमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचे नाव, घर, पगार आणि कुलंगड्या ठाऊक आहेत. एकमेकांविषयी माहिती असणे आणि एकमेकांना ओळखणे यांत केवढे अंतर आहे, ते हे पुस्तक दाखवते. आज तर माहिती पूर्वी कधी नव्हती एवढी सुलभ झाली आहे. तरीही २०१८ साली ब्रिटनला एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमावा लागला. आपली धर्मग्रामे म्हणजे मोठी वाईन्सबर्गेच आहेत. कोणाचा मुलगा परदेशात आहे, कोणाच्या मुलीचे लग्न जमत नाही, कोण कोणाशी बोलत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. रविवारच्या मिस्सानंतर दाराशी थांबून तीच तीच गोष्ट पुन्हा सांगणारा म्हातारा, कोणत्याही कामाला सर्वांत आधी येऊन सर्वांत शेवटी जाणारी अविवाहित बाई, प्रत्येक बैठकीत भांडण काढणारा विधुर, यांना आपण ‘जरा तऱ्हेवाईकच’ म्हणून हसतो आणि वाट बदलतो. ती मंडळी आपल्याला काय सांगू पाहत आहेत?

पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली, आपल्या निधनाच्या आदल्या वर्षी, साहित्यवाचनाचे महत्त्व सांगणारे एक पत्र लिहिले. आरंभी ते धर्मगुरूंच्या प्रशिक्षणापुरते योजले होते, पुढे सर्वच श्रद्धावंतांसाठी खुले केले. तरुणपणी त्यांनी स्वतः अर्जेंटिनातील येशूसंघीय विद्यालयात साहित्य शिकवले होते. कथा-कादंबऱ्या वाचल्याने दुसऱ्याचा आवाज ऐकण्याची सवय जडते, हा त्या पत्रातील एक प्रमुख विचार. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो, आणि ते शिकायलाच हवे. पण माणूस प्रश्न घेऊन येतो तेव्हा तो व्याख्येत बसेल असा येत नाही. तो अडखळत येतो, विषयांतर करत येतो, कधी रागावून येतो. अशा माणसापुढे धीराने बसण्याचा सराव अँडरसनसारखे लेखक करून देतात. त्याच्या कथेत आपल्याला उत्तर द्यायची घाई करता येत नाही. फक्त ऐकावे लागते.

संग्रहातील ‘कागदाच्या गोळ्या’ ही छोटी कथा मला या साऱ्याचे सार वाटते. म्हातारा डॉक्टर रीफी आपले विचार कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहितो आणि खिशात कोंबतो. तिथे त्यांच्या घट्ट गोळ्या होतात. त्याच्या हातांची पेरे गाठाळलेली आहेत. एक दुःखी तरुणी त्याच्याकडे येते, तो तिला समजून घेतो, दोघांचे लग्न होते. त्या हिवाळ्यात तो तिला ते चिटोऱ्यांवरचे विचार वाचून दाखवतो. पुढच्या वसंतात ती मरण पावते. अँडरसन या प्रेमाची तुलना बागेतल्या सफरचंदांशी करतो. तोडणी झाल्यावर चांगली, गोल फळे पेट्यांत भरून शहरांकडे जातात. झाडावर राहतात ती तोडणाऱ्यांनी नाकारलेली वाकडीतिकडी फळे. पण त्यांच्या एका बाजूला, एका लहानशा जागी, सारी गोडी साठलेली असते, आणि ती थोड्यांनाच ठाऊक असते.

या जोडप्याला मिळाला तो एकच हिवाळा. तरीही साऱ्या संग्रहात ज्यांचे बोलणे ऐकले गेले आणि ज्यांनी दुसऱ्याचे ऐकले अशी माणसे शोधू गेल्यास, प्रथम हीच दोघे डोळ्यांसमोर येतात. खिशातल्या कागदाच्या गोळ्या कोणीतरी उलगडून वाचू दिल्या, एवढेच घडले. परिपूर्ण, गोल, पेटीत नीट बसणारी माणसे धर्मग्रामात कमीच असतात. उरलेली झाडावर राहतात. प्रभू येशूने जक्कयाला झाडावरूनच खाली बोलावले होते, आणि तेही नाव घेऊन. हे पुस्तक हाती आले तर जरूर वाचावे. आणि वाचून झाल्यावर येत्या रविवारी मिस्सानंतर लगबगीने घराकडे निघण्याऐवजी दाराशी थोडा वेळ थांबावे.